पट्टा घसरतो तेव्हा

नाणेघाटाच्या माथ्यावरचे आमचे घाटघर भाताचे गाव. पाऊस कोसळू लागला की वीज जाते आणि भात भरडायला आमचे जुने डिझेल इंजिनच कामी येते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. अशा इंजिनांनी पुढे खेडोपाडी पाणी उपसले, दळण दळले.

ओल्या हवेत पट्टा घसरू लागतो. इंजिन नीट पळते, पण हलर मंदावतो आणि रबर जळाल्याचा वास येतो. पुष्कळजण तेव्हा चालत्या पट्ट्यावर राळ टाकतात. तसे करू नका. राळेची पकड घटकाभराची. पुढे तिचाच थर साचतो.

माझे वडील म्हणत, "आधी इंजिन बंद, मग हात." पट्टा आणि पुल्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या करा. तेल कुठून उडते ते शोधा. पुल्या सारख्या रुंदीच्या असतील तर त्यांच्या कडांना दोरी लावा. ती चारही ठिकाणी टेकली म्हणजे पुल्या एका रेषेत आहेत. पट्टा लांबला असेल तर बोल्ट सैल करून इंजिन थोडे मागे सरकवा. पट्ट्याची सैल बाजू वर ठेवा, म्हणजे पुलीला वेढा जास्त बसतो. मात्र फार ताणू नका, बेअरिंग तापते.

भात घेऊन आयाबाया येतात, पोरे मागे असतात. पदर, धोतर पट्ट्यात जायला क्षण पुरतो. म्हणून भोवती कठडा हवाच. आमचा कठडा वडिलांनी बांधला. पावसाळ्याआधी मी त्याचा एकेक खांब हलवून बघतो. भात काय, उद्याही भरडता येईल.