दीड टन मिरची आणि एक बाटली

फर्दापूरला बाहेरचा माणूस उतरतो तो अजिंठ्याच्या लेण्यांसाठी. टी पॉइंटला गाडी लावतो, बसने लेणी बघून येतो, चहा पितो आणि जळगावच्या किंवा संभाजीनगरच्या वाटेला लागतो. आमचं गाव चालतं ते कापूस, मका आणि मिरचीवर. पावसाळ्यात घाट चढून सिल्लोडकडे निघालात, तर शिवना, आमठाण्याच्या बाजारात हिरव्या मिरचीच्या गाड्या भरताना दिसतील. त्यातला बराच माल आखातात आणि बांगलादेशात जातो. कृषी पदविका झाल्यावर मी एका निर्यातदारासाठी मिरची गोळा करू लागलो, पण त्याचं गिऱ्हाईक युरोपातलं होतं, आणि तेही एका लहानशा देशातलं. तिथला आयातदार भारतीय आणि श्रीलंकन दुकानांना भाजी पुरवायचा. एका खेपेला मिरची आणि भेंडी मिळून दीड टनाच्या आसपास माल विमानाने जायचा.

लहान बाजार म्हणजे कमी डोकेदुखी, असं आधी सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात उलटं आहे. प्रयोगशाळा नमुन्यामागे पैसे घेते. नमुना तीनशे किलोंतला की वीस टनांतला, हे ती विचारत नाही. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, पॅकहाऊस, शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडाच्या यंत्रणेवर शेताची नोंदणी, हे सगळं दीड टनालाही तेवढंच लागतं. त्यात भारतातली मिरची आणि भेंडी युरोपच्या वाढीव तपासणीच्या यादीत आहेत. विमानतळावर नमुना काढला आणि रिपोर्टला चार दिवस लागले, तर तोवर देठ काळे पडतात.

औषधाच्या अंशाचा युरोपचा नियम 2005 सालचा, लागू झाला 2008 पासून. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. शेतकऱ्यांना मी हिशेब सांगायचो : शंभर टन मिरचीत एक ग्रॅम. त्यावर एक तात्या म्हणाले, ‘‘मंग आमच्या बांधावरून वारा आला तरी माल फेल व्हईल का रे भाऊ?’’ प्रश्न अगदी रास्त होता. आमच्याकडे मिरचीच्या शेजारी कापूस असतोच. कापसावर क्लोरपायरीफॉस मारलं जातं, आणि युरोपने 2020 मध्ये त्याची मर्यादा थेट 0.01 वर आणली.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांना युरोपच्या मर्यादांचा फटका 2010 मध्येच बसला होता. निर्यातीच्या द्राक्षांवर नजर ठेवणारं ग्रेपनेट 2006 पासून सुरू होतं, तपासण्या होत होत्या, रिपोर्ट स्वच्छ होते. पण वेलीची वाढ रोखायला वापरतात ते सीसीसी तपासायच्या यादीतच नव्हतं. युरोपात ते सापडलं, कंटेनर बंदरांवर अडकले आणि बागायतदार कर्जात गेले. जे शोधलंच नाही ते रिपोर्टात कसं येणार?

आमच्या वाट्याला याचाच धाकटा भाऊ आला. एका शेताच्या रिपोर्टात फिप्रोनिल निघालं. शेतकरी शपथेवर सांगत होता की मारलं नाही. फवारणीच्या वहीतही नोंद नव्हती. 2017 मध्ये युरोपात अंड्यांत हेच औषध सापडलं होतं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली होती. त्यामुळे आयातदाराने नुसतं नाव वाचूनच हात वर केले. आम्ही शेतकऱ्याच्या घरी जाऊन गोठ्यातल्या रिकाम्या बाटल्या काढल्या. त्यात मिरचीची पानं आकसतात त्या कोकड्यावर म्हणून दुकानदाराने दिलेलं एक ‘जैविक टॉनिक’ होतं. लेबलावर वनस्पतींचे अर्क आणि हिरव्या पानाचं चित्र. तळाशी थोडं शिल्लक होतं, ते तपासायला पाठवलं. फिप्रोनिल त्यातच होतं. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनीचा फोन लागत नव्हता. पक्कं बिल नसल्यामुळे बॅच नंबरही सिद्ध करता येईना.

नुकसान कोणी भरलं? युरोपचा कायदा माल आणणाऱ्याला जबाबदार धरतो, म्हणून आयातदाराने करारात ते निर्यातदारावर टाकलेलं. निर्यातदाराने तोंडी आमच्यावर टाकलं. शेवटी ते त्या शेतकऱ्यावर गेलं, ज्याने कुठल्याच कागदावर सही केली नव्हती आणि ज्याला तो इंग्रजी रिपोर्ट कोणी दाखवलाही नव्हता. उरलेली मिरची त्याच संध्याकाळी सिल्लोडच्या आडतीत विकली गेली. म्हणजे युरोपला न चाललेलं आपण ठेच्यात खाल्लं, आणि त्याची कुठे नोंदसुद्धा नाही.

हाच आयातदार तिथल्या छोट्या चॉकलेटवाल्यांसाठी कोकोच्या बियाही आणतो. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने त्यातली अडचण सांगितली. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि युरोपच्या 2023 च्या कायद्याप्रमाणे 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा कोको चालणार नाही. त्यामुळे प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश हवेत. चार हेक्टरच्या आतल्या शेताला एक बिंदू पुरतो, मोठ्या शेताची पूर्ण हद्द आखावी लागते. अंमलाची तारीख दोनदा पुढे गेली, पण या आयातदाराचा नकाशांवरचा खर्च होऊन बसला होता. तरी त्याला कोकोची चिंता कमी. सुकलेली बी पोत्यात थांबते. रिपोर्ट येईपर्यंत गोदामात राहते. हिरवी मिरची थांबत नाही.

त्यावरून आम्ही पद्धत बदलली. नमुना पॅकहाऊसमधून न काढता तोड्याच्या आठवडाभर आधी शेतातून काढू लागलो. शेतं कमी केली, एकमेकांना लागून असलेली घेतली, बांधाशेजारच्या कापूसवाल्यांनाही बैठकीला बोलावलं. टॉनिक पूर्ण बंद. किलोमागे आमचा खर्च वाढला आणि काही शेतकरी कंटाळून आखाताच्या व्यापाऱ्याकडे परत गेले. मी त्यांना दोष देत नाही. तिथे पैसे रोख मिळतात आणि वही लागत नाही.

मिरची लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे : पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या, रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत फेकू नका. आणि तुमच्या शेतातून नमुना नेणाऱ्याकडे रिपोर्टची प्रत मागा, मराठीत समजावून मागा. तो देत नसेल, तर त्याला माल देऊ नका.