फुकटचा डबा
आमच्या चिरंजीवांनी पहिल्या पगारातून कॉम्प्युटरला आरटीएक्स ३०६० नावाचं कार्ड घेतलं. पण खेळ सुरू केला की कॉम्प्युटर डोळे मिटायचा. कनेरगाव नाक्याच्या रिवाजाप्रमाणे मी आधी वीजवाल्यांचा उद्धार केला. पण डोक्यावर पंखा तर गरगर फिरत होता! चिरंजीवांचं तोंड मात्र पगार हरवल्यासारखं.

शेवटी हिंगोलीहून कारागीर आणला.

"काका, कार्ड १७० वॅट खातं, प्रोसेसर ६५. पॉवर सप्लाय केवढ्याचा?"

"५०० चा!" मी छाती फुगवली. कॅबिनेटवर फुकट मिळाला होता ना!

त्यानं डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "कार्ड नि प्रोसेसर जेवतात ते १२ व्होल्टच्या पंगतीत. तिथं १६ अँपिअर. करा गुणाकार."

१९२! म्हणजे स्थळ सांगताना मुलाचा पगार सांगतात, तशातला प्रकार. भत्ते, ओव्हरटाइम, सगळं धरून ५००, हातात १९२.

कार्डवाल्यांनी ५५० चा सप्लाय लावा म्हणून सांगितलेलंच होतं, पण सूचना वाचायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. नवा आणला. चांगला जड होता. खेळ सुरळीत चालू झाला.

जुना डबा भंगारवाल्यानं तळहातावर दोनदा झेलला आणि विचारलं, "साहेब, यात काही हाय का?"