होकार की हुंकार?

पस्तीस वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकवले. पण नापास होऊन मास्तरलाच धडा शिकवणारा विद्यार्थी एकच भेटला. तो म्हणजे आमचे कुटुंब!

२०१० साली मुलाने आम्हां दोघांना न्यू जर्सीला नेले. पाच वर्षे ग्रीन कार्डावर काढली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो केला आणि परीक्षा आली. इंग्रजी बोलायचे, एक वाक्य वाचायचे, एक लिहायचे. शिवाय इतिहास आणि राज्यकारभार यांवर तोंडी प्रश्न. तेव्हा शंभरांच्या यादीतले दहा विचारीत, सहा बरोबर आले की पास. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ते १२८ पैकी २० झाले आहेत आणि १२ यावे लागतात.) इंग्रजीची माफी नुसत्या वयावर मिळत नाही. पन्नाशीच्या माणसाची ग्रीन कार्डावर वीस वर्षे झालेली हवीत, पंचावन्नच्या माणसाची पंधरा. ही त्रेसष्टची, पण कार्ड अवघे सहा वर्षांचे!

रोज दुपारी मागचे आवरून झाले की मी वर्ग घेऊ लागलो. वॉशिंग्टन, लिंकन हिने मनाच्या श्लोकांसारखे पाठ केले.

२०१६ साली मुलाखत झाली. मी पास होऊन आलो, मग ही आत गेली. तोंडी प्रश्न, वाचन, लेखन, सगळे ठीक. मग अधिकाऱ्याने अर्जातले प्रश्न काढले. "तुम्ही कधी अट्टल दारुड्या होता का?" असाही एक प्रश्न त्या अर्जात असे. ही हसून म्हणाली, "येस." सरकार उलथून पाडण्याचा पुरस्कार केलात? "येस." बिचाऱ्याने प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला. तरी "येस, येस!" बाईंना प्रश्नच कळलेला नाही हे त्याने ओळखले आणि साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा बोलावू असे सांगितले.

घरी सगळे पोट धरधरून हसले. मी मात्र चिडलो. "अगं, नाही म्हणायचं होतंस!"

"अहो, समोरचा माणूस बोलतोय, तर हं हं नको का म्हणायला?"

दुसऱ्या दिवसापासून "नो" चा पाठ सुरू झाला. सरावात मी सहज विचारले, "डू यू वॉन्ट टु बी अ सिटिझन?"

खिडकीबाहेर पाहत, अगदी शुद्ध उच्चारात ही म्हणाली, "नो."

"प्रश्न कळला का तुला?"

"कळला. आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो ना?"

लागतो. १९५५ च्या कायद्याप्रमाणे परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. मग ओसीआय कार्डावर हवे तितके येऊन राहता येते, पण मत देता येत नाही. या गोष्टीचा मी मुलाशी तासन्‌तास खल केला होता. हिच्याशी? चाळीस वर्षे मी बेत सांगत आलो आणि "हं" आला की तो होकार धरीत आलो. त्या परक्या अधिकाऱ्याने हिचा "येस" दहा मिनिटांत ओळखला. मला चाळीस वर्षांत हुंकार ओळखता आला नाही!

त्या दुपारी मी मराठीत विचारले, "तुला काय वाटतं?" ही तासभर बोलली. नागरिक न होताही ग्रीन कार्डावर राहता येईल, हेही मी सांगितले. चार दिवस हिने विचार केला. पाचव्या दिवशी म्हणाली, "वर्ग सुरू करा. कार्डावर असलं की फार दिवस बाहेर राहायची धास्ती. मला पुण्याला मनासारखं राहायचंय."

अमेरिकन व्हायचे, ते पुण्याला राहता यावे म्हणून! हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

दुसऱ्या खेपेस ही पास झाली. आता वर्षातले सहा महिने आम्ही पुण्यात असतो. अजूनही मी बेत सांगतो आणि तिकडून "हं" येतो. मी लगेच विचारतो, "होकार की हुंकार?"

बहुतेक वेळा हुंकारच निघतो.