पेशीचा कारभार हिमोग्लोबिनकडे

'एचबी किती आलं?' रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न हाच. आकडा कमी असला की खजूर, बीट आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. प्रयोगशाळेत रोज तांबड्या पेशी पाहणाऱ्या मला मात्र वाटतं, या रेणूची निम्मी ओळखसुद्धा आपण करून घेतलेली नाही. ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, एवढ्यावरच आपण थांबतो.

प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, मायटोकाँड्रिया नसतात. नवं प्रथिन तिला बनवता येत नाही. तरी ती सुमारे १२० दिवस तग धरते. मग फुफ्फुसात वेगळं आणि राबणाऱ्या स्नायूत वेगळं वागायचं, हे ठरवतं कोण? एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. उत्तर त्यांच्याकडेच आहे.

पेशीच्या आवरणात 'बँड ३' नावाचं प्रथिन असतं. त्याचं आतलं टोक ग्लुकोज जाळणाऱ्या काही विकरांना धरून, निष्क्रिय ठेवतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन त्याच टोकाला येऊन चिकटतं आणि विकरं मोकळी होतात. ऊर्जानिर्मिती वाढते. ऑक्सिजन पुन्हा भरला की हिमोग्लोबिन तिथून सुटतं, विकरं परत बांधली जातात आणि ग्लुकोज दुसऱ्या मार्गाला वळतं; त्यातून पेशीचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारी द्रव्यं तयार होतात. ऑक्सिजन भरपूर असताना धोकाही याच ऑक्सिडीकरणाचा असतो. केंद्रकाशिवाय साधलेलं हे नियंत्रण मला आजही थक्क करतं.

कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम क्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्येच दाखवला होता. शिवाय ऑक्सिजन सोडताना हिमोग्लोबिन स्वतः आम्ल शोषून घेतं, म्हणून शिरांतलं रक्त फारसं आम्लधर्मी होत नाही.

पेशीचा शेवटही हाच रेणू ठरवतो. म्हातारं, बिघडलेलं हिमोग्लोबिन आवरणाच्या आतून बँड ३ ला चिकटतं आणि त्या प्रथिनांचे पुंजके होतात. बाहेरून प्रतिपिंडं ते ओळखतात आणि भक्षक पेशी त्या तांबड्या पेशीला गिळून टाकतात.

हे सगळं पेशीच्या आत राहिलं तरच चालतं. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांत पेशी वेळेआधी फुटतात, हिमोग्लोबिन प्लाझ्मात मोकळं सुटतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड झपाट्याने नष्ट करतं. वाहिन्या आवळतात. अशा मुलाच्या रिपोर्टमध्ये एचबी नेहमीइतकंच दिसलं तरी माझं समाधान होत नाही. पेशी किती वेगाने फुटताहेत हे कळावं म्हणून मी एलडीएच, बिलिरुबिन आणि रेटिक्युलोसाइटचे आकडेही त्याच्या शेजारी ठेवून पाहते.