कीचकाच्या डोक्यावरचं छत

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

चि. भाचेबुवांस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी दुकान वाढवून नुकताच वर आलो होतो. खाली टिळक पथावर गाड्यांचा एवढा गोंगाट होता की तुझं निम्मं बोलणं हवेतच गेलं. जे ऐकू आलं ते मात्र रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. मालिकेत काम मिळाल्याचं सांगायला तू फोन केला होतास, आणि आवाज पडलेला होता. नायकाच्या थोरल्या मेहुण्याचं काम, पंधरा-वीस एपिसोडचा ट्रॅक, मग फजिती आणि सुट्टी. दिग्दर्शकाने भूमिका एका शब्दात सांगितली, ‘ओव्हरकॉन्फिडंट’. तू मला विचारलंस, “मामा, यात करायचं काय असतं? छाती काढून चालायचं, मोठ्याने बोलायचं आणि शेवटी तोंडावर पडायचं.”

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता लिहितो.

अशीच भूमिका मी तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत केली होती. सावकाराचा मुलगा. तालमीत मी तू म्हणतोस तसाच चालायचो, मिशीला पीळ द्यायचो, प्रत्येक वाक्य गच्चीवरून हाक मारावी तसं फेकायचो. प्रयोगात टाळ्या पडल्या. नंतर रंगपटात एक वडीलधारे नट आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू त्याला घरूनच हरवून आणलंस.” एवढं बोलून ते निघून गेले. ते वाक्य समजायला मला फार वर्षं लागली, आणि ते मला समजावलं ते दूरदर्शनवरच्या एका नटाने.

बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि जून १९९० पर्यंत चाललं. ते रविवार तू पाहिले नाहीस. सकाळी एरवी सुपारी मारुतीपासून औरंगपुऱ्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसायची. त्या तासाभरात रस्ता झाडून घ्यावा तसा मोकळा व्हायचा. आपल्या घरात तीन बिऱ्हाडांची माणसं जमिनीवर बसायची. आजी पडद्यावरच्या कृष्णाला नमस्कार करायची, आणि तो कृष्ण आपला मराठी मुलगा, नितीश भारद्वाज, याचा तिला कोण अभिमान! विराटाच्या राजवाड्याचे भाग आले तेव्हा उत्तरेच्या भूमिकेत वर्षा उसगांवकर दिसली म्हणून तुझी आई आणि मावशी पुढे सरकून बसल्या. मी मात्र कीचकाकडे बघत होतो. ते काम शरत सक्सेनाने केलं होतं.

‘मिस्टर इंडिया’तला डागा म्हणून हा नट तेव्हा सगळ्यांना ठाऊक होता. पीळदार शरीर, जाड मान, घोगरा आवाज. अशा शरीराच्या नटाला हिंदी सिनेमा वर्षानुवर्षं नायकाचा मार खायलाच उभा करतो. कीचकही मारच खातो, भीमाच्या हातून, आणि तो भीम म्हणजे प्रवीणकुमार; १९६६ आणि १९७० च्या आशियाई खेळांत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेला खराखुरा मल्लाच्या देहाचा माणूस. त्याच्यासमोर दुसरा कुणी नट उभा केला असता तर ते द्वंद्व आपण मानलंच नसतं. सक्सेना उभा राहिला की वाटायचं, हा याला जड जाणार. मला पहिल्यांदा पटलं ते हे, की कीचकाचा आत्मविश्वास पोकळ नाही. मत्स्य देशाचं राज्य नावाला विराटाचं. ते टिकलेलं आहे सेनापती कीचकाच्या बाहूंवर. त्रिगर्तांच्या सुशर्म्याला त्याने पुन्हा पुन्हा धूळ चारलेली आहे. राणी सुदेष्णेचा तो भाऊ, म्हणजे राजाचा मेहुणाच. पाहिलंस ना, तुझं नातंसुद्धा तेच निघालं!

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं. दुकान बंद, गुलमंडीवर चिटपाखरू नाही. तीस वर्षांनी मी तेच भाग पुन्हा पाहिले आणि या वेळी कीचकाकडे कमी, त्याच्या आजूबाजूच्या माणसांकडे जास्त बघितलं. मग मूळ कथा पुन्हा वाचून काढली. सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीला त्याच्या महालात मद्य आणायला पाठवते ती त्याची सख्खी बहीण. भर सभेत तो सैरंध्रीला लाथ मारतो आणि राजा गप्प बसतो. कंक बनून बसलेला युधिष्ठिरही स्वतःला आवरतो. अशा माणसाला आपलं काही चुकतंय हे कळणार तरी कुठून? सैरंध्री येईपर्यंत त्याच्या आयुष्यात ‘नाही’ हा शब्द त्याला कुणी ऐकवलेलाच नाही. तुझ्या संहितेत शोध बाबा, या मेहुण्याला आजवर कोण कोण ‘हो’ म्हणत आलं आहे. त्याची आई? घरातला हिशेब त्याच्या हाती असल्याने गप्प बसणारा बाप? त्या माणसांकडे तू कसा बघतोस, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी कसा उठतोस, यात तुझा अभिनय आहे. छाती काढायची गरजच पडणार नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या सीनची. सैरंध्री बोलावते तेव्हा कीचक रात्री नर्तनशाळेत एकटा जातो. नटूनथटून, आनंदात जातो. अंधारात तिच्या जागी भीम आहे. माझ्या मते त्या क्षणी नटाच्या चेहऱ्यावर मृत्यूची सावलीही नको. आपल्या नटांची खोड अशी की पुढच्या पानावर पराभव आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि ते चालीत, हसण्यात, भुवयांत उतरतं. ‘घरूनच हरवून आणणं’ ते हेच. तू चुकीचा आहेस हे प्रेक्षकाला कळू दे. तुला ते कळायचं काम नाही.

आता राजपुत्र उत्तराबद्दल थोडं, कारण तुझा दिग्दर्शक तुला कीचकापेक्षा त्याच्याकडे ढकलेल अशी मला भीती वाटते. विराटाचा हा मुलगा अंतःपुरात बायकांसमोर बढाया मारतो, सारथी मिळाला की कौरवांना एकटा पुरून उरेन म्हणतो, आणि खरी सेना दिसल्यावर रथातून उडी टाकून पळत सुटतो. बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन त्याला धरून परत आणतो. सगळे नट इथे विदूषक करतात, लोकही हसतात. पण हाच मुलगा कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हत्तीवर बसून शल्याला भिडतो आणि मरतो. त्या दिवशी तो पळत नाही. ज्या नटाने त्याच्या बढाईची टिंगल करून ठेवली, त्याला हा मृत्यू पेलवणार नाही. मालिका लांबतात, तुला माहीत आहे. लोकांना आवडलं तर पंधरा एपिसोडचे दीडशे होतील. तेव्हा हा मेहुणा बदलू शकेल एवढी जागा त्याच्यात आतापासून ठेव.

मराठी रंगभूमीला कीचक नवा नाही, हेही तुला माहीत असायला हवं. ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. महाराष्ट्र नाटक मंडळी त्याचे प्रयोग करायची. १९०५ ची बंगालची फाळणी ताजी होती. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत देश पाहिला, सबुरी सांगणाऱ्या कंकात मवाळ आणि उसळणाऱ्या बल्लवात, म्हणजे भीमात, जहाल पाहिले. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. कीचक फुसका दाखवला असता तर सरकार घाबरलं असतं का? सत्ता खरी आहे, तिची जरब खरी आहे, आणि तरीही ती एका रात्रीत संपू शकते, हे लोकांना दिसलं म्हणून ते नाटक धोक्याचं झालं. सहायक भूमिकेत एवढं बळ असतं.

आपल्याच गावातलं उदाहरण हवं तर लक्ष्मण देशपांडेंचं घे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मी किती वेळा पाहिलं याची मोजदाद नाही. एकटा माणूस पन्नासावर माणसं उभी करायचा. मराठवाड्यातलं खेडं धोतर-लुगड्यासकट विमानात बसायला निघालेलं, कुणाला कशाची माहिती नाही आणि कुणाला कशाची भीती नाही. आम्ही पोट धरून हसायचो. पण त्यातल्या एकाही माणसाला देशपांडे सरांनी स्वतःच्या नजरेत लहान केलं नाही. त्यांचं त्या माणसांवर प्रेम होतं, ते शेवटच्या रांगेत कळायचं.

तुला सगळ्यात लागलंय ते ‘सहायक’ या शब्दाचं, हे मी ओळखलं. म्हणून देवळातला कीचक सांगतो. मराठवाड्यातल्या जुन्या दगडी देवळांत सभामंडपाच्या खांबावर, अगदी वर, तुळईखाली, बुटक्या सुटलेल्या पोटाच्या आकृत्या असतात. दोन्ही हात वर केलेले, छत पेलून धरलेलं. त्यांना कीचक म्हणतात. एखाद्याच्या चेहऱ्यावर कष्ट असतात, एखाद्याच्या चेहऱ्यावर असा भाव की सगळं देऊळ माझ्यामुळेच उभं आहे. लोक गाभाऱ्यात जातात, त्यांच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही. आता कथेतला कीचक आठव. तो मेला ही बातमी पसरली म्हणूनच सुशर्म्याला विराटावर चालून जायचं सुचलं. म्हणून कौरवांनी गाई पळवल्या, म्हणून अर्जुनाने पुन्हा गांडीव उचललं. पांडवांच्या अज्ञातवासाचं छत त्या एका माणसाच्या डोक्यावर टेकलेलं होतं. तुझा मेहुणा बाजूला काढला तर तुमच्या मालिकेचं काय होतं, ते लेखकाला विचारू नकोस, स्वतः शोधून काढ.

आणि वेरूळच्या कैलासात दक्षिणेच्या बाजूला खाली रावण आहे, लहानपणी मी तुला खांद्यावर घेऊन दाखवला होता. पोकळीत गुडघ्यांवर बसलेला, हात लावून पर्वत उचलतोय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, दासी पळते आहे, शंकर शांत. शंकराचा पाय पर्वत दाबतो आणि रावण अडकतो, ही गोष्ट सगळे सांगतात. मला इतकी वर्षं ती दासी विसरता आलेली नाही. कारागिराने तिला पळताना दाखवली, म्हणजे पर्वत खरोखर हलला होता. रावणाची ताकद त्याने काढून घेतली नाही. त्याच्या देहावर त्याने शंकराच्या चेहऱ्याइतकीच मेहनत घेतली आहे.

पहिल्या शूटिंगआधी चार दिवस मोकळे आहेत म्हणालास. रात्रीच्या बसने ये. पहाटे पैठण गेटला उतरवून घेतो, इमरती खाऊ आणि लेणी उघडायच्या वेळेला वेरूळला पोहोचू. तुझी संहिता बरोबर आण. रावणासमोर बसून तुझी वाक्यं मला वाचून दाखव, हळू आवाजात. फक्त मंगळवार धरू नकोस, त्या दिवशी वेरूळ बंद असतं.

तुझ्या आईला वेगळं लिहीत नाही, हेच वाचून दाखव.

तुझा,
मामा