डेल्फ्टच्या भिंती, सांगलीच्या बश्या

हॉलंडमध्ये संध्याकाळी पायी फिरावे. तेथील घरांच्या दर्शनी खिडक्या ऐसपैस असतात आणि पडदे ओढून घेण्याची चाल फारशी नाही. दिवे लागले की रस्त्यावरून चालणाऱ्याला दिवाणखाना आरपार दिसतो. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, या संस्कारात वाढलेला मी, पहिले काही दिवस मान खाली घालूनच चालत असे. शेवटी मुलगीच म्हणाली, "अण्णा, बघा खुशाल. त्यांना लपवायचं असतं तर पडदा लावला असता."

मग मी पाहू लागलो, आणि मला जागोजागी भिंतीवर बश्या दिसू लागल्या. कुठे चुलाण्यावर ओळीने मांडलेल्या, कुठे एका मोठ्या ताटाभोवती लहान बश्यांचे रिंगण, तर कुठे जिन्याच्या चढाबरोबर एकेक पायरी वर सरकत गेलेल्या. बहुतेक निळ्या-पांढऱ्या. काहींवर पवनचक्की, काहींवर फुलदाणी, तर एखादीवर नुसते नाव आणि तारीख. ही नावाची बशी मूल जन्मले की करून घेतात. त्यावर बाळाचे नाव, जन्मतारीख आणि पुष्कळदा वजनसुद्धा लिहिलेले असते. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि प्रसंग कोरून घेत, त्याची मला आठवण झाली. आमच्या घरातील एका घागरीवर अजून माझ्या आत्याच्या लग्नाची तारीख आहे.

माझे हे पाहणे केवळ प्रवाशाचे नव्हते. मुलीच्या डेल्फ्टमधील घरी, माझ्या बॅगेत, स्वेटरच्या घड्यांत, पाच बश्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. "येताना आपल्या सोप्यातल्या बश्या घेऊन या," असे तिने फोनवर सांगितले होते. त्या भिंतीवरून उतरल्या तेव्हा ती शाळेत होती.

माझे आजोबा सांगलीत हळदीचे अडते होते. हरिपूरच्या पेवांतून निघालेली हळद मुंबईला जाई आणि तिच्यामागोमाग वर्षातून एक-दोनदा आजोबाही जात. अशाच एका फेरीत, १९३०च्या आसपास, त्यांनी या बश्या आणल्या. हळदीच्या रिकाम्या बारदानात गुंडाळून आणल्यामुळे पहिले काही दिवस त्यांना हळदीचा वास येत होता, असे आजी सांगे. घरात जेवण कल्हईच्या पितळी ताटांत. चिनी मातीच्या भांड्यात जेवणे आजीला मान्य नव्हते. म्हणून आजोबांनी त्यांना तांब्याच्या तारेचे फासे केले आणि सोप्याच्या भिंतीवर चढवल्या. तीन निळ्या आणि दोन पातळ, सोनेरी कडेच्या, गुलाबाची फुले असलेल्या.

निळ्या तिन्हींवर एकच चित्र. नदीकाठचे झुकलेले झाड, एक पूल, पुलावरून चाललेली तीन माणसे, एक होडी आणि वर आकाशात समोरासमोर दोन पक्षी. आजीने त्याची आपली कथा केली होती. नदी म्हणजे कृष्णा, आणि तीन माणसे हरिपूरच्या जत्रेला निघालेली. होडी असताना पुलावरून का जातात, असे मी विचारले की ती म्हणे, "होडीवाल्यानं जास्त पैसे सांगितले असतील." हे चित्र चीनमधील नसून इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी धर्तीवर रचलेले आहे आणि जगभर 'विलो' म्हणून ओळखले जाते, हे मला निवृत्तीनंतर कळले. इंग्रज व्यापाऱ्यांनीही माल खपावा म्हणून त्याला एक प्रेमकथा जोडली होती. आजीची कथा त्याहून बरी, असे माझे मत आहे.

१९९८ साली माझ्या पत्नीच्या वाचनात आले की, 'बोन चायना' या नावातील 'बोन' म्हणजे खरोखरच हाड. जनावरांच्या हाडांची राख मातीत मिसळून ती भांडी करतात. तिने मला विचारले, "आपल्या बश्यांत असेल का हो?" सप्टेंबरअखेरचे सहामाही हिशेब चालू होते. रात्री उशिरा घरी आलो होतो. बश्यांकडे न पाहताच मी म्हणालो, "इंग्रजांच्या बश्या म्हटल्यावर असणारच." तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पाचही बश्या उतरवल्या, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवल्या. भिंतीवर पाच गोल डाग राहिले. बाकीच्या भिंतीचा रंग विटलेला, बश्यांखालचा मात्र नवा. त्यांवर तिने कॅलेंडरे लावली. ती गेली तेव्हाही ते डाग होते. २०१९च्या महापुरात सोप्यात पाणी शिरले, गिलावा पडला, तेव्हा तेही गेले. माळ्यावरच्या ट्रंकेला पाणी लागले नाही.

डेल्फ्ट हे गाव अशा बश्यांमुळेच जगाला माहीत झाले आहे. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कॅटरिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यातील चिनी मातीच्या भांड्यांचा ॲमस्टरडॅमला लिलाव झाला आणि युरोपातील श्रीमंतांना निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वेड लागले. पुढे १६४४ मध्ये चीनमधील मिंग राजवट कोसळली. यादवीमुळे माल येईनासा झाला, पण मागणी कायम होती. त्याच सुमारास डेल्फ्टमधील बिअरच्या भट्ट्या बंद पडत होत्या आणि इमारती ओस होत्या. कुंभारांनी त्या घेतल्या. भरभराटीच्या काळात या एवढ्याशा गावात तीसहून अधिक कारखाने होते. त्यांचा माल खरी चिनी माती नव्हे. तिचे गुपित युरोपला १७१०च्या सुमारास, जर्मनीतील माइसेन येथे साधले. डेल्फ्टची भांडी साध्या भाजलेल्या मातीची असून त्यांवर कथिलयुक्त पांढऱ्या झिलईचा थर असतो. या मातीत हाड नसते, ही गोष्ट मी तेथे दुकानादुकानांतून खात्री करून घेतली. दुकानदारांना माझ्या प्रश्नाचे नवल वाटले असावे.

त्या काळातील कारखान्यांपैकी १६५३ मध्ये सुरू झालेला एकच आज चालू आहे, 'रॉयल डेल्फ्ट'. तेथे रंगकाम करणारे कारागीर समोर बसलेले पाहता येतात. चित्राची रेषा सुईने टोचलेल्या कागदावर असते. त्यावर कोळशाची पूड थोपटली की बशीवर ठिपके उमटतात आणि मग कुंचला चालतो. आपल्या रांगोळीच्या छिद्रांच्या कागदासारखेच हे झाले. मला सर्वांत मौज वाटली ती रंगाची. कोबाल्टचा रंग लावताना काळा असतो. निळा होतो तो भट्टीत. म्हणजे कारागीर काळ्या रंगात काम करतो आणि मनात निळा पाहतो.

तेथेच मी बशी उलटी करून पाहायला शिकलो. मागच्या बाजूला कारखान्याची खूण, रंगवणाऱ्याची आद्याक्षरे आणि सालाचे सांकेतिक अक्षर असते. जुन्या बशीच्या तळकड्याला कधी कधी भाजण्यापूर्वीच पाडलेली छिद्रे असतात. ती दोरी ओवून टांगण्यासाठी. म्हणजे ती बशी जन्मापासूनच भिंतीसाठी होती. शनिवारी कालव्याकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तेथेही जाणते गिऱ्हाईक चित्र पाहण्याआधी पाठ पाहते. सदतीस वर्षे मी धनादेशांवरील सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या, कागद उजेडात धरून पाहिले. आणि ज्या वस्तूखाली माझे बालपण गेले, तिची पाठ मात्र एकदाही पाहिली नव्हती.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही लुगडे सोडले. मुलीने पहिली निळी बशी उलटी केली. मागे स्फिंक्सची आकृती आणि खाली गावाचे नाव, मास्ट्रिक्ट. दुसरीवर तेच. तिसरीवरही तेच. मग सोनेरी कडेच्या दोन्ही उलट्या केल्या. त्यांवर स्वच्छ अक्षरांत 'बोन चायना' आणि 'मेड इन इंग्लंड'. मुलीने त्या दिव्यासमोर धरल्या, तेव्हा पलीकडची तिची बोटे सावलीसारखी दिसली. निळ्यांतून काहीच दिसले नाही.

मी रात्रभर नीट झोपलो नाही. पत्नीचा प्रश्न योग्य होता. उत्तर माझे होते आणि ते पाचांपैकी तिघींच्या बाबतीत चुकले होते. खुर्चीवर चढून एक बशी उलटी करायला एक मिनिट लागले असते.

पुढच्या आठवड्यात मी आणि मुलगी आगगाडीने मास्ट्रिक्टला गेलो. अडीच-तीन तासांचा प्रवास. देशाच्या दक्षिण टोकाचे, मास नदीकाठचे हे गाव. पेत्रुस रेगू नावाच्या उद्योजकाने येथे १८३०च्या दशकात भांड्यांचा कारखाना काढला. पुढे कारखान्याने स्फिंक्सची खूण घेतली. इंग्रजी पद्धतीची पांढरी माती आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर छापून बशीवर उतरवण्याची रीत, यामुळे माल स्वस्त पडे. तो आशियाच्या बाजारांतही मोठ्या प्रमाणावर जात असे. (आमच्या बशीच्या काठावर वेलबुट्टी एके ठिकाणी तुटते आणि जरा सरकून पुन्हा सुरू होते, तो दोन कागदांचा सांधा. लहानपणी मला ती आजीच्या कथेतील वाट वाटे.) कारखाना आता बंद आहे. इमारतींत हॉटेल, दुकाने, घरे झाली आहेत. एका बोळाच्या १२० मीटर लांब भिंतीवर हजारो फरश्या बसवून कारखान्याचा सारा इतिहास मांडला आहे. ती भिंत आम्ही तासभर वाचत होतो.

त्या इतिहासात एक काळे पानही आहे. १८८६-८७ मध्ये डच संसदेने कारखान्यांतील परिस्थितीची चौकशी केली, तेव्हा मास्ट्रिक्टच्या कारखान्यांत लहान मुले रात्रपाळीला जुंपली जातात, हे उघड झाले. त्यातून १८८९ चा कामगार कायदा आला आणि बालमजुरीवर बंधने आली. आमच्या बश्या त्यानंतरच्या. तरीही मला वाटले की, पत्नी सोबत असती तर तिचा दुसरा प्रश्न हाच असता. मातीत हाड नसले म्हणजे वस्तू पूर्ण निर्दोष ठरते, असे तिने मानले नसते. मुलीला मी हे बोलून दाखवले. ती म्हणाली, "आईनं मग पुस्तक उघडून बसायला लावलं असतं तुम्हाला." ते खरे आहे.

परतल्यावर बश्या लावण्याचे काम निघाले. त्याचेही एक शास्त्र आहे. मुलीने आधी वर्तमानपत्राच्या गोल चकत्या कापल्या आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावून, दोन दिवस जाता-येता पाहून जागा ठरवली. स्वयंपाकघराची भिंत आम्ही टाळली. फोडणीचा धूर झिलईवर चिकटतो, आणि बारीक तडे असले तर तेल आत मुरून पिवळे डाग पडतात. ते मग निघत नाहीत. बाजारात स्प्रिंगच्या तारेचे आकडे मिळतात, पण त्यांच्या टोकांना रबरी नळी हवी, नाहीतर काठाचा टवका उडतो. आजोबांच्या तांब्याच्या तारेने एका बशीचा असा टवका उडालाच आहे. तो आम्ही बुजवला नाही.

तिन्ही बश्या पुस्तकांच्या कपाटावर, एकीखाली एक लावल्या. नात पाच वर्षांची आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "पुलावरचे तिघं कुठे चाललेत?" मी म्हणालो, हरिपूरला. होडीचा प्रश्न तिने दुसऱ्या दिवशी विचारला.

सोनेरी कडेच्या दोन बश्यांविषयी मुलीला मी काही सांगण्याआधीच तिने त्या लुगड्यात गुंडाळल्या होत्या. विकाव्यात, कुणाला द्याव्यात की ठेवाव्यात, यावर आम्ही बोललो आणि काही ठरले नाही. येताना मी त्या परत आणल्या. ट्रंक पूर्वीच्याच जागी, माळ्यावर आहे.