मनोरीची खाडी

मार्व्याहून बोटीत बसलं की चार गप्पा होईस्तोवर मनोरी येते. एवढ्यात खाडीची ओळख काय होणार! ती व्हायची तर ओहोटीच्या वेळी धक्क्यावर निवांत बसावं. पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो, निवटे त्यावर टुणटुण उड्या मारू लागतात, चिंबोऱ्या बिळाच्या तोंडाशी येऊन अंदाज घेतात. खाडी तेव्हा बोलकी असते. भरतीला मात्र गप्प, सगळं पोटात घालून बसलेली.

स्वभावाने सोशिक. समुद्राचं खारं आणि डोंगराचं गोडं, दोन्ही आपल्यात नांदवते. समुद्राशी असलेलं तिचं नातं सगळ्यांना दिसतं. माहेर डोंगरात आहे, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही. तुळशी तलावाच्या बाजूने निघालेली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून उतरते आणि बोरिवली-दहिसर ओलांडून हिला येऊन मिळते. सगळी वाट जेमतेम बारा-तेरा किलोमीटरची. तेवढ्यात रान, वस्त्या, तबेले, हायवे, रेल्वेचे रूळ आणि शेवटी तिवरांचं खाजण, असा सगळा मामला.

रानात पावसाला घाई नसते. तो आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यात मुरतो, काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत ओढ्याला लागतो. कान्हेरीच्या भिक्षूंना हे नेमकं कळलं होतं. त्यांनी लेण्यांच्या दाराशी कातळात पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदली आणि डोंगर उतरणारं पाणी जागच्या जागी थोपवलं. पुढे 1879 मध्ये तुळशीचं धरण झालं आणि माथ्यावरच्या पाण्याचा काही वाटा शहराच्या नळांना गेला. खाडीने तेही चालवून घेतलं.

खरी गोम उद्यानाचं कुंपण संपतं तिथे आहे. आत शंभरेक चौरस किलोमीटर सलग रान, आणि बाहेर पाऊल टाकताच नदीच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या भिंती. मध्ये काठ म्हणून काही नाहीच: ना झाडोरा, ना गवत, ना पाणी मुरायला हातभर माती. बिबळ्याला रान सलग लागतं हे मुंबईकरांना आताशा पटलंय. पाण्यालाही तेच लागतं, हे पटायचंय. भिंतींमधून ते सुसाट येतं आणि वाटेतलं शेण, सांडपाणी, पिशव्या सगळं घेऊन येतं. खाली खाडीला उधाण असेल तर त्याला पुढे वाट मिळत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा दहिसर नदीही पात्राबाहेर आली. त्यावर आपण शोधलेला उपाय म्हणजे आणखी भिंती!

याचा हिशेब खाजणात दिसतो. तिवराचं पान उलटून जिभेला लावा, खारट लागेल. मुळांतून वर आलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर डोकावतात, झाड त्यांतून श्वास घेतं. त्या मुळांना आज दुधाच्या पिशव्या, कपड्यांच्या चिंध्या आणि गुटख्याच्या पुड्या गुंडाळलेल्या असतात. गाळ हा खाडीचा वैरी नव्हे, तिवर त्याच्यावरच तर उभं राहतं. पण रानातून थोडाथोडा येणारा गाळ निराळा आणि एका पावसात प्लॅस्टिकसकट येऊन मुळांवर बसणारा निराळा. कांदळवनाची तोड थांबवायला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये आदेश दिले, ते फार मोलाचे. मात्र वरून येणारा गाळ कोर्टाचा कागद वाचत नाही.

मासळीवर पोट असलेल्या कोळीवाड्याला हे शिकवायला नको. पाण्याचा रंग आणि वास बघूनच तिथली माणसं जाळं टाकायचं की नाही ते ठरवतात.

किनारा साफ करायला हौसेने मनोरीला येणाऱ्यांचं भलं होवो. फक्त पुढल्या खेपेला निम्म्यांनी बोटीत न बसता बोरिवली पूर्वेला जावं, कुंपणाबाहेरचा पहिला नाला नदीत कुठे शिरतो ते बघावं, आणि नदीला तिच्या काठाची थोडी माती परत कधी देणार, हे महापालिकेला लेखी विचारावं.